ओझरचं 'मिग': विमान बनवणारी कंपनी रोज नेमकं काय काम करते?

द्राक्षबाग (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं, आज जमतंय.

आमचं गाव नाशिकजवळच्या ओझरला लागूनच. आमच्याकडे एचएएल (हिंदुस्तान एरॉनॉटिक्स लिमिटेड) असं कोणी म्हणत नाही, 'मिग' म्हणतात. कुठे कामाला? मिगमधे. विषय संपला. शाळेत असताना डोक्यावरून विमान गेलं की मास्तर खडू हातात धरून थांबायचे, कारण दोन मिनिटं कोणाचंच कोणाला ऐकू यायचं नाही. आवाजावरून आम्हाला कळायचं की आज एक उडालंय का दोन. मधूनच एखादं विमान पिवळट हिरव्या रंगाचं दिसायचं, ते कुठल्या देशाचं यावर पोरांची भांडणं व्हायची, ते मला अजूनही नीट कळलेलं नाही.

तर २६ सप्टेंबर २०२५ ला चंदिगडला मिग-२१ या रशियन लढाऊ विमानाचा निरोप झाला. ६२ वर्षांची सेवा. आणि तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, ओझरला जुळवलेलं पहिलं तेजस मार्क १ए हे लढाऊ विमान संरक्षणमंत्र्यांसमोर उडालं. त्या दिवशी आमची आजीसुद्धा गच्चीवर येऊन बसली होती.

पण मला बोलायचंय ते जरा वेगळं. एचएएलचं नाव निघालं की चर्चा दोनच, शेअर कुठे गेला आणि तेजस कधी मिळणार. माझं म्हणणं असं की नवीन विमान हा कामाचा फक्त दिसणारा भाग आहे, त्याच्या कितीतरी पट काम म्हणजे एकदा दिलेलं विमान पुढची तीस-चाळीस वर्षं उडतं ठेवायचं, म्हणजे ओव्हरहॉल, सुटे भाग, अपग्रेड, इंजिनं. कंपनीच्या कमाईतला मोठा वाटापण तिथूनच येतो आणि पेपरात त्याबद्दल दोन ओळी येत नाहीत.

कुठे काय होतं ते मला माहिती आहे तेवढं सांगतो. नाशिकला आधी मिग-२१, मग मिग-२७, मग सुखोई-३० एमकेआय आणि आता तेजस आणि एचटीटी-४० ट्रेनर. सुखोईचं इंजिन ओडिशात कोरापूटला. एव्हिऑनिक्स म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हैदराबाद आणि कोरव्याला, ऍक्सेसरीज म्हणजे चाकं, ब्रेक, पंप, असलं सगळं लखनौला. कानपूरला डॉर्निअर हे छोटं वाहतूक विमान. बेंगळुरूला तेजस, हेलिकॉप्टर आणि इस्रोची कामं. शिवाय तुमकूरला २०२३ पासून हेलिकॉप्टरचा वेगळा कारखाना. कोणाला आतली माहिती असेल तर जरूर लिहा (गोपनीय नको हं, जेवढं उघड आहे तेवढंच).

सोलापुरी:

वा, छान धागा. एक भर घालतो कारण आमच्या गावाचा संबंध आहे. ही कंपनी मुळात सरकारने काढलेली नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाला बरोबर घेऊन २३ डिसेंबर १९४० ला बेंगळुरूत हिंदुस्तान एअरक्राफ्ट काढली. महायुद्ध चालू, जपान जवळ येतोय, त्यामुळे १९४२ मधे सरकारने कारभार ताब्यात घेतला आणि नंतर अमेरिकन वायुदलाची विमानं तिथे दुरुस्तीला यायला लागली. म्हणजे तुम्ही म्हणताय ना दुरुस्ती हेच मुख्य काम, ते अगदी पहिल्या दोनतीन वर्षांपासून खरं आहे, विमानं बनवायचा जम बसायच्या आधी ही कंपनी दुरुस्ती शिकली.

आणि मग विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर भागातले, जर्मनीत गटिंगेनला प्रांटलकडे शिकलेले. प्रांटल म्हणजे वायुगतिशास्त्रातलं केवढं मोठं नाव. घाटग्यांच्या हाताखाली झालेलं एचटी-२ हे ट्रेनर विमान १९५१ मधे उडालं, आणि पुढे आपल्या हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी पहिले धडे त्याच्यावर घेतले. शाळेच्या पुस्तकात हे नाव मला एकदाही भेटलं नाही याचं फार वाईट वाटतं.

द्राक्षबाग:

सोलापुरी, मनापासून धन्यवाद. ओझरचं पण असंच, १९६३ मधे मिगसाठी एरॉनॉटिक्स इंडिया नावाची वेगळी सरकारी कंपनी झाली, सांगाडा नाशिक, इंजिन कोरापूट, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबाद अशी वाटणी, आणि १ ऑक्टोबर १९६४ ला दोन्ही कंपन्या मिळून आजची एचएएल. यशवंतराव चव्हाण तेव्हा संरक्षणमंत्री आणि नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून गेलेले. आमच्याकडची जुनी माणसं अजून म्हणतात, मिग साहेबांनी आणलं.

शंकासूर:

माहिती चांगली आहे पण एक प्रामाणिक शंका. रशियाचं डिझाइन, रशियाची ड्रॉइंग, आपण फक्त स्क्रू पिळायचे. याला 'बनवणं' म्हणायचं का?

जुना_फिटर:

शंकासूर, शंका रास्त आहे, मी ३१ वर्षं याच धंद्यात काढली (कुठे ते सांगत नाही), मला जमेल तसं सांगतो, टायपिंग सवयीचं नाही तेव्हा चुका पदरात घ्या.

परवाना घेऊन विमान बनवायचं म्हणजे ते टप्प्याटप्प्याने होतं. आधी तयार विमानं येतात, मग मोठे मोठे भाग खोक्यात येतात ते जोडायचे, मग बारीक भाग येतात, आणि शेवटच्या टप्प्यात नुसता कच्चा माल येतो, प्लेट, फोर्जिंग, ते कापून, वाकवून, भोकं पाडून सगळं आपण करायचं. सुखोई या शेवटच्या टप्प्यापर्यंत आलं. हवाई दलाच्या २७२ पैकी २२२ नाशिकला झाली आणि डिसेंबर २०२४ ला आणखी १२ ची ऑर्डर आली, साधारण १३,५०० कोटींची. तेव्हा स्क्रू पिळले असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय आहे.

पण तुमच्या म्हणण्यात खरं काय आहे तेही सांगतो. बनवता येणं वेगळं आणि बदलता येणं वेगळं. ड्रॉइंगमधे एक भोक अर्धा मिलिमीटर सरकवायचं तरी ते का तिथे आहे हे ज्याने डिझाइन केलं त्यालाच माहिती. ती समज हळूहळू येते आणि माझ्या मते ती नवीन विमान बनवताना कमी येते आणि जुनं उघडताना जास्त येते. ब्रह्मोस घ्या. अडीच टनाचं क्षेपणास्त्र सुखोईच्या पोटाखाली लावायचं, त्यासाठी सांगाडा मजबूत करायचा, वायरिंग बदलायचं, हे काम नाशिकला झालं आणि २५ जून २०१६ ला ब्रह्मोस घेऊन सुखोई पहिल्यांदा तिथूनच उडालं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ते डागलं पण. ज्यांनी वर्षानुवर्षं तो सांगाडा हाताळला नाही त्यांना हे जमलं नसतं.

रानवाटा:

फिटरकाका, ओव्हरहॉल म्हणजे आत नक्की काय करतात? गाडीच्या सर्व्हिसिंगसारखं ऑइल बदल, फिल्टर बदल असं काही असतं का? अगदी अडाणी प्रश्न असेल तर माफ करा.

जुना_फिटर:

अडाणी कशाला. गाडीची सर्व्हिसिंग म्हणजे ताप बघणं, ओव्हरहॉल म्हणजे माणूस टेबलावर घेणं.

विमान येतं, इंधन काढतात, बॅटरी काढतात, मग सगळा रंग उतरवायचा. रंगाखालीच तर सगळं लपलेलं असतं. मग इंजिनं बाहेर, पंखांवरची हलणारी पानं बाहेर, चाकांचे पाय बाहेर, शेकडो पॅनल, हजारो पाइप आणि पंप, प्रत्येकाला टॅग, प्रत्येकाचा आपापल्या शॉपला प्रवास. उरतो तो नुसता सांगाडा, सगळ्या जाळ्या उघड्या, तेव्हा पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे आता परत उडणार नाही.

मग भेगा शोधायच्या. मला सगळ्यात आवडणारं काम. भाग स्वच्छ पुसायचा, त्यावर लाल डाय मारायचा, तसाच ठेवायचा, म्हणजे डोळ्याला न दिसणारी भेग असेल तर तिच्यात तो शिरतो. मग वरचा डाय नीट पुसून काढायचा, अगदी स्वच्छ, आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. आणि मग थांबायचं. काही नसेल तर भाग खडूसारखा पांढरा राहतो. असेल तर त्या पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटते. पहिल्यांदा दिसली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, कारण ती रेघ आत्ता दिसली नसती तर पुढे आकाशात दिसली असती. जिथे डाय चालत नाही तिथे एडी करंट, अल्ट्रासॉनिक, एक्सरे.

मग खराब भाग बदलायचे, परत रिव्हेट मारायचे. रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात, एक बाहेरून गन धरतो आणि दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा, बकिंग बार म्हणतात, तो रिव्हेटच्या शेपटीला दाबून धरतो. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. मधे पत्रा. मग पत्र्यावर टकटक करून बोलायचं, एक टक म्हणजे मार, दोन म्हणजे झालं, तीन म्हणजे थांब बिघडलंय, अशी आमची भाषा. जोडी जमली की वर्षानुवर्षं तीच जोडी. आतला माणूस बारीक अंगाचा लागतो कारण टाकीत नाहीतर हवेच्या नळात शिरायचं असतं.

सगळं परत जोडलं की यंत्रणांच्या चाचण्या, मग जमिनीवर इंजिन रन आणि मग टेस्ट पायलट.

आयटीआयवाला:

काका भारी लिहिता!! मी फिटर ट्रेडला आहे, अप्रेंटिसशिपला अर्ज केलाय. हत्यारं मोजून देतात आणि मोजून घेतात असं ऐकलं ते खरं का?

जुना_फिटर:

खरं आहे बाळा आणि पहिल्या दिवसापासून अंगात भिनव. बोर्डवर प्रत्येक पान्याची सावली रंगवलेली असते, पाना उचलला की त्या जागी तुझ्या नावाचा बिल्ला टांगायचा. संध्याकाळी एक जरी सावली रिकामी दिसली तर विमान हलत नाही. एका कारखान्यात (नाव नको) माझ्याकडूनच ड्रिलचा तुटलेला तुकडा हरवला होता, तांदळाच्या दाण्याएवढा. मी लगेच सांगितलं. आठ माणसं रात्रभर टॉर्च आणि आरसे घेऊन शोधत होती, पहाटे साडेचारला केबलच्या जुडग्यामागे सापडला. सुपरवायझर मला ओरडला नाही, म्हणाला सांगितलंस ते बरं केलंस. तुकडा हरवला तर सांगायला लाजू नको, एवढं एक माझं ऐक.

खगोलवेडी:

सगळे विमानातच अडकलात, मला रॉकेटबद्दल बोलू द्या की :)

एचएएलचा एरोस्पेस विभाग बेंगळुरूला आहे आणि पीएसएलव्ही, जीएसएलव्ही, एलव्हीएम३ या इस्रोच्या सगळ्या रॉकेटच्या इंधनटाक्या आणि सांगाड्याचे भाग तिथे होतात. टाकी हा शब्द ऐकून घराच्या गच्चीवरची आठवते, पण ही टाकी म्हणजे अॅल्युमिनियमच्या खास मिश्रधातूचे पत्रे वाकवून, वेल्ड करून, मग वेल्डचा इंच न इंच एक्सरेखाली बघून केलेली असते. द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना आणि द्रव ऑक्सिजन उणे १८३ अंशांना, एवढ्या थंडीत धातू आकसतो, आणि वर पत्रा होता होईल तेवढा पातळ हवा, कारण वाढलेलं वजन उपग्रहाच्या वजनातून कापलं जातं.

मंगळयानाचा सांगाडा एचएएलने २०१२ मधे इस्रोला दिला होता हे किती जणांना माहिती आहे? आणि १८ डिसेंबर २०१४ ला एलव्हीएम३ च्या पहिल्या उड्डाणात जी माणूस नसलेली क्रू मॉड्यूल (अंतराळवीर बसायची कुपी) वर जाऊन बंगालच्या उपसागरात पॅराशूटने उतरली, तिचा सांगाडासुद्धा यांचाच. गगनयानची गोष्ट मला तिथून सुरू झाल्यासारखी वाटते.

२०२२ च्या सप्टेंबरात क्रायोजेनिक, म्हणजे असल्या अतिथंड इंधनावर चालणारी इंजिनं बनवायचा वेगळा कारखाना राष्ट्रपती मुर्मूंच्या हस्ते सुरू झाला, २०८ कोटींचा. त्याच महिन्यात एल अँड टी आणि एचएएलच्या जोडीला पाच पीएसएलव्ही पूर्णच्या पूर्ण बनवायचं कंत्राट मिळालं, ८६० कोटी. म्हणजे आतापर्यंत भाग द्यायचे, आता अख्खं रॉकेट द्यायचं. आणि २०२५ च्या जूनमधे एसएसएलव्ही, ते छोटं रॉकेट, पाचशे किलोपर्यंत खालच्या कक्षेत नेणारं, त्याचं तंत्रज्ञान घ्यायची बोली एचएएलने ५११ कोटींना जिंकली. हे मला सगळ्यात मोठं वाटतं कारण इथे नुसतं बनवून भागणार नाही, गिऱ्हाईक आणायचं, उपग्रह बसवायचा आणि उडवून दाखवायचं, हे सगळंच अंगावर येणार.

सोलापुरी:

खगोलवेडी ताई, फार सुंदर. अवांतर पण राहवत नाही, वालचंदांनीच इंदापूर तालुक्यात वसवलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात इस्रोच्या रॉकेट मोटरची कवचं होतात. ऊस गाळायची यंत्रं बनवणारं गाव आणि रॉकेट. एका माणसाने लावलेली दोन झाडं श्रीहरिकोट्याला एकत्र येतात.

शंकासूर:

वाचतोय आणि बरंच नवीन कळलं. पण सर्व्हिसचं एवढं कौतुक चाललंय तर इक्वेडोरचं पण बोला. त्यांनी एचएएलची सात ध्रुव हेलिकॉप्टर घेतली, चार पडली आणि २०१५ ला करारच रद्द केला. तेजस मार्क १ए ची ८३ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी २०२१ ची आहे, मिग-२१ निवृत्त झालं तोवर एकही हवाई दलाच्या ताब्यात नव्हतं. हेपण त्याच कंपनीचं आहे.

द्राक्षबाग:

शंकासूर, हे लिहिलंत ते बरं केलंत, धागा नुसता आरतीचा होऊ नये असं मलाही वाटत होतं.

इक्वेडोरमधल्या दोन अपघातांचा ठपका वैमानिकांवर होता असं तेव्हा आलं होतं, पण मला वाटतं तो वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच, की अर्ध्या जगापलीकडे हेलिकॉप्टर विकलं तर सुटे भाग आणि माणसं पण तिथेच हवीत. हवाई दल शेजारी आहे, फोन केला की माणूस जातो, परदेशी गिऱ्हाइकाला ते चालत नाही. विमान विकायला निघालेल्या कंपनीची खरी परीक्षा इथे आहे आणि तिथे आपण कमी पडलो असं मी स्पष्ट म्हणेन.

तेजसचं जरा वेगळं. इंजिन अमेरिकेतून, जीईचं एफ-४०४. ऑगस्ट २०२१ ला ९९ इंजिनांचा करार झाला आणि पहिलं इंजिन मार्च २०२५ ला हातात आलं. पण सगळं खापर इंजिनावर फोडणंही बरोबर नाही, रडार, शस्त्रं, सॉफ्टवेअर यांची जोडणी आणि चाचण्या यातही वेळ गेलाय. आता बेंगळुरूच्या दोन लाइन आणि नाशिकची तिसरी मिळून वर्षाला २४ चं उद्दिष्ट आहे, नाशिकचा वाटा ८. सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ ची ऑर्डर आली, ६२,३७० कोटी. म्हणजे काम आहे, आता ते वेळेत व्हायला हवं.

इंजिनाचं दुखणं तर जुनंच. एचएएलचं जुनं लढाऊ विमान मरुत आठवा, जर्मन डिझायनर कुर्ट टँक यांनी इथे येऊन डिझाइन केलेलं, १९६१ ला उडालं, १४७ बनली, सांगाडा देखणा आणि इंजिन कमी ताकदीचं.

रानवाटा:

ध्रुववरून आठवलं. ५ जानेवारी २०२५ ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं, तीन जण गेले, आणि त्यानंतर सगळीच्या सगळी ध्रुव जमिनीवर बसवली. तपासात स्वॉशप्लेटचं नाव पुढे आलं. पाती कोनात फिरवायचं काम ती करते असं वाचलं. लष्कराच्या उंचावरच्या चौक्यांना तेवढे महिने कसं झालं असेल याचा मी विचार करत होते, कारण तिथे औषधं, रॉकेल, आजारी जवान, सगळं हेलिकॉप्टरवर. उरली ती चीता आणि चेतक, म्हणजे पन्नास-साठच्या दशकातली फ्रेंच डिझाइनं.

जुना_फिटर:

ताई अगदी बरोबर आठवण काढलीत. आमच्या धंद्यात एका भागात खोट निघाली की ती एका मशीनची राहत नाही, त्या भागाच्या सगळ्या मशीनची होते. मग प्रत्येकाचा तो भाग काढा, तपासा, नोंद बघा, कुठल्या बॅचचा, किती तास चालला. नोंदी चोख असतील तर आठवड्यात कळतं कुठे बघायचं, नसतील तर सगळंच उघडावं लागतं. नव्या पोरांना कागदाचा कंटाळा येतो, पण लॉगकार्ड म्हणजे त्या भागाची जन्मपत्रिका आहे.

आणि जुन्या मशीनचं म्हणाल तर जग्वार हे लढाऊ विमान बघा. जगात आता ते फक्त आपलं हवाई दल उडवतं. बनवणाऱ्यांनी कधीच बंद केलं. सुटे भाग आणायचे कुठून? फ्रान्सने निवृत्त केलेल्या जग्वारचे सांगाडे त्यासाठी आणावे लागले. इथे एचएएलने एव्हिऑनिक्स बदलून बदलून त्याला पुरतं नवं करून ठेवलंय.

आयटीआयवाला:

सुखोईचं इंजिन किती दिवस टिकतं काका? गाडीसारखं एकदाच का?

जुना_फिटर:

छे रे. विमानाच्या एका आयुष्यात इंजिनं काही वेळा बदलतात. म्हणून तर सप्टेंबर २०२४ ला २४० इंजिनांचा करार झाला, २६,००० कोटींच्या वर, सगळं काम कोरापूटला. एका विमानाला दोन, आता तूच हिशोब कर. तुझ्या पिढीला काम कमी पडणार नाही. आणि २०२३ ला एअरबसशीपण नाशिकला प्रवासी विमानांच्या देखभालीचा करार झालाय, म्हणजे लढाऊच्या बाहेरही हात चालेल.

खगोलवेडी:

काका, तुम्ही वेगळा लेख लिहाच.

द्राक्षबाग:

+१. आणि काका, माझं ते राहिलंच. लहानपणी दिसायचं ते पिवळट हिरवं विमान. कोणी म्हणायचं पाकिस्तानचं पकडून आणलंय, कोणी म्हणायचं गुप्त.

जुना_फिटर:

हाहा, अहो ते प्राइमर. गंज लागू नये म्हणून पत्र्यावर मारतात तो अस्तराचा रंग. नवीन असो की ओव्हरहॉलचं, पहिली उड्डाणं तशीच होतात, काही दुरुस्ती निघाली तर परत उघडायला बरं. सगळं पास झालं की मग करडा रंग आणि हवाई दलाचं चक्र. तुम्ही पोरांनी जे बघितलंत ते टेबलावरून उठून पहिल्यांदा चालणारं विमान होतं आणि त्या दिवशी खाली आम्ही सगळे काम सोडून शेडबाहेर उभे असायचो, उतरेपर्यंत कोणी चहाला जायचं नाही.

द्राक्षबाग:

पस्तीस वर्षांनी उत्तर मिळालं. आजीला सांगून येतो.